केंब्रिजच्या कॉलेज बोट क्लबमध्ये पहिले वर्ष : नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंब्रिज विद्यापीठात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा गावांहून आलेले मराठी विद्यार्थीही असतात, आणि खोलीचे सामान लागायच्या आतच त्यांना बोट क्लबमध्ये येण्याचे आमंत्रण मिळते. बहुतेक जण ते नाकारतात. आपण कधी वल्हे हातात धरलेले नाही, आपली उंची बेताची आहे, अभ्यास कठीण आहे आणि पहाटे साडेपाचला उठणे आपल्याला जमणार नाही, ही त्यामागची कारणे असतात. यांतले शेवटचे कारण विचार करण्याजोगे आहे. पहिल्या तिन्हींना फारसा आधार नाही. कॉलेजच्या क्लबांत वल्हवणाऱ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थ्यांनी केंब्रिजला येण्यापूर्वी वल्हे पाहिलेलेही नसते, आणि क्लबची सारी रचना हे गृहीत धरूनच केलेली असते. दत्तू भोकनळ हे नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त भागातल्या गावचे. सैन्यात भरती झाल्यानंतरच त्यांनी वल्हे हाती घेतले, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकल स्कल्स, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी नाव चालवण्याच्या प्रकारात ते तेरावे आले. हा खेळ उशिरा सुरू करता येतो, हे समजण्यासाठी आपल्याला त्यापेक्षा जवळचे उदाहरण नको.

या लेखात पहिल्या वर्षाची वाट क्रमाने सांगितली आहे. सगळ्या टप्प्यांत एक गोष्ट समान आहे आणि ती आरंभीच सांगणे योग्य होईल. आठ जणांच्या नावेत एक जण आला नाही, तर उरलेले सात जण आणि सुकाणू धरणारा असे आठ जण काठावर अडकतात. त्यामुळे बोट क्लब तुमच्याकडून ताकदीच्या किंवा कौशल्याच्या आधी हजेरी मागतो, आणि तिथली मैत्रीही याच हजेरीतून उभी राहते.

विद्यापीठाचा संघ वेगळा, कॉलेजचा क्लब वेगळा

टेम्स नदीवर ऑक्सफर्डविरुद्ध होणारी शर्यत आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेली असते. ती पहिल्यांदा १८२९ साली हेन्ली येथे झाली. आता ती लंडनमध्ये पटनी ते मॉर्टलेक अशी सुमारे ६.८ किलोमीटर अंतराची असते, आणि २०१५ पासून स्त्रियांची शर्यतही त्याच दिवशी त्याच पात्रात होते. त्या संघातले खेळाडू इली गावाजवळ, मोठ्या नदीवर, जवळजवळ व्यावसायिक शिस्तीने सराव करतात. नवख्याने या संघाचा विचार सध्या बाजूला ठेवावा.

आपला संबंध येतो तो कॉलेजच्या क्लबशी. केंब्रिजमध्ये ३१ कॉलेजे आहेत आणि जवळपास प्रत्येकाचा स्वतःचा किंवा दुसऱ्या कॉलेजबरोबर मिळून चालवलेला बोट क्लब आहे. काही क्लब फार जुने आहेत. रँग्लर परांजपे ज्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकले, त्या कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ साली स्थापन झाला. परांजपे १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले, तेव्हा त्या क्लबने सत्तरी ओलांडलेली होती. परंपरा इतकी जुनी असली तरी कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती असतो. कप्तान, नवख्यांची जबाबदारी घेणारे उपकप्तान, खजिनदार आणि समारंभ पाहणारे सचिव हे सगळे निवडून आलेले विद्यार्थी असतात. नावा दुरुस्त करणारा आणि बोटहाउसची देखभाल करणारा बोटमन हा बहुधा तिथला एकमेव पगारी माणूस असतो. त्याच्याशी पहिल्या दिवसापासून आदराने वागावे आणि त्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ देऊ नये.

निघण्यापूर्वी : पोहणे

घरून निघण्याआधी करण्यासारखी खरी तयारी एकच आहे आणि ती म्हणजे पोहणे शिकणे. हलक्या कपड्यांत किमान ५० मीटर पोहता यावे आणि खोल पाण्यात काही वेळ तरंगत राहता यावे, अशी साधारण अपेक्षा असते, आणि तिची चाचणी होते. आपल्याकडे शहरात वाढलेल्या कित्येक मुलामुलींना पोहता येत नाही. ज्यांनी गावी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहणे शिकले, त्यांना ही चाचणी जड जाणार नाही. इतरांनी मात्र व्हिसाची वाट पाहण्यात जाणारे उन्हाळ्याचे दोन महिने जवळच्या तलावात घालवावेत. केंब्रिजला पोहोचल्यावर शिकू, हा विचार चुकीचा नाही. पण पहिले सत्र आठ आठवड्यांचेच असते, आणि पोहणे शिकेपर्यंत नवख्यांची शर्यत होऊन गेलेली असते.

ज्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकताना मुळेच्या पात्रात वल्हवले आहे, त्यांनी तसे क्लबला आधीच कळवावे. त्यांना नवख्यांत घ्यायचे की अनुभवी गटात, हे क्लब ठरवेल. दमा, अपस्मार, पाठीचे जुने दुखणे किंवा हृदयाचा त्रास असल्यास तेही लेखी कळवावे. हे लपवल्यास धोका तुमच्याबरोबर नावेतल्या इतरांनाही असतो.

पहिले दोन आठवडे : नोंदणी, टब आणि अर्ग

नव्या विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या मेळाव्यात किंवा कॉलेजच्या आवारातच क्लबचे टेबल असते. तिथे नाव नोंदवले म्हणजे वर्षभराची बांधिलकी स्वीकारली असे होत नाही. पहिल्या आठवड्यात तुम्हाला एका रुंद, स्थिर, दोन आसनांच्या नावेत बसवतील. तिला तिथे टब म्हणतात. अनुभवी विद्यार्थी जवळ बसून वल्हे कसे धरायचे, पाण्यात कधी टाकायचे आणि कधी काढायचे, हे दाखवतो. ही भेट चुकवू नये, कारण पुढे आठ जणांच्या नावेत तुमच्या एकट्याच्या चुकांकडे इतके लक्ष कुणालाही देता येणार नाही.

दुसरी शिकण्याची जागा म्हणजे अर्ग. व्यायामशाळेतल्या या यंत्रावर सरकत्या आसनावर बसून साखळी ओढायची असते आणि दर ५०० मीटरला लागणारा वेळ समोरच्या पडद्यावर दिसतो. आपल्याकडचा बहुतेक जणांचा समज असा असतो की वल्हवणे हे हातांचे काम आहे. प्रत्यक्षात बरेचसे काम मांड्या आणि पाय करतात. गुडघे दुमडून पुढे आल्यावर आधी पाय रेटायचे, मग कंबरेतून मागे झुकायचे आणि अखेरीस हात छातीखाली ओढायचे. परत जाताना क्रम उलटा, म्हणजे आधी हात लांब, मग कंबर पुढे, आणि त्यानंतरच गुडघे वर. रेटताना जोर हवा आणि परतताना सावकाशी हवी. नवखा माणूस बहुधा दोन्हीकडे सारखीच घाई करतो, आणि त्यामुळे नावेची गती तुटते. पहिल्या महिन्यात पडद्यावरच्या आकड्यांकडे फारसे लक्ष न देता हा क्रम अंगात मुरवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाठ गोल ठेवून मोठे आकडे काढणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये कंबरदुखी गाठते आणि त्यांचे आसन दुसऱ्याकडे जाते.

या दोन आठवड्यांत काहीही विकत घेऊ नये. अंगाला घट्ट बसणारी धावण्याची विजार आणि दोन-तीन पातळ सदरे पुरतात. सैल खिशांचे जाकीट टाळावे, कारण वल्ह्याची मूठ खिशात अडकते. क्लबची वर्गणी, पोशाखाची मागणी आणि सराव शिबिराचा खर्च यांची रक्कम प्रत्येक कॉलेजात वेगळी असते. ती आधी विचारून घ्यावी, आणि ती झेपत नसेल तर कप्तानाशी किंवा आपल्या ट्यूटरशी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणाऱ्या कॉलेजच्या शिक्षकाशी, मोकळेपणाने बोलावे. अनेक कॉलेजांकडे अशा विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी असतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही.

नाव उचलण्यापासून पाण्यात उतरेपर्यंत

आठ जणांची नाव सुमारे सतरा-अठरा मीटर लांब असते आणि कार्बन फायबरची असल्याने लांबीच्या मानाने हलकी, पण नाजूक असते. ती बोटहाउसच्या फळ्यांवरून काढताना पालखी खांद्यावर घेणाऱ्या मंडळींसारखे सर्वांनी एका सुरात उचलावे आणि एका पावलाने चालावे लागते. एकाने खांदा आधी सोडला, तर भार शेजाऱ्यावर जातो आणि तळाला चीर पडते. या वेळी हुकूम देणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे सुकाणू धरणारा कॉक्स. इतर सगळ्यांनी गप्प राहायचे असते. ‘हँड्स ऑन’ म्हटल्यावर हात लावायचे, ‘लिफ्ट’ म्हटल्याशिवाय उचलायचे नाही, ‘ईझी देअर’ म्हटले की वल्हवणे थांबवायचे, आणि ‘होल्ड इट अप’ म्हटले की वल्ह्याचे पाते उभे करून पाण्यात रोवायचे आणि नाव ताबडतोब थांबवायची. हा शेवटचा हुकूम ऐकल्यावर कारण विचारत बसू नये.

आसनांचे क्रमांक नावेच्या टोकाकडून मोजतात. सर्वांत पुढच्या टोकाला असलेला पहिला माणूस बो, आणि कॉक्सच्या समोर बसणारा आठवा माणूस स्ट्रोक. वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात, म्हणजे नाव जिकडे जाते तिकडे त्यांची पाठ असते आणि पुढचे फक्त कॉक्सला दिसते. लय स्ट्रोक ठरवतो. आपल्या पुढ्यातल्या माणसाच्या खांद्यांवर नजर ठेवून त्याच क्षणी पाते पाण्यात टाकणे, एवढेच नवख्याचे काम आहे, आणि ते वाटते त्याहून कितीतरी अवघड आहे.

बसल्यावर दोन गोष्टी रोज तपासाव्यात. पाय अडकवण्याच्या बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी शाबूत आहे की नाही, हे पाहावे. नाव उलटली तर या दोरीमुळेच पाय बुटांतून सुटून येतात. आपले वल्हे नावेला अडकवून ठेवणारे कुलूप नीट आवळलेले आहे की नाही, हेही पाहावे. पाते चुकीच्या कोनात पाण्यात गेले, तर ते आत ओढले जाते आणि मूठ वेगाने छातीकडे येते. त्याला तिथे ‘क्रॅब’ म्हणतात. अशा वेळी मुठीशी झुंज न देता मागे झुकून तिला डोक्यावरून जाऊ द्यावे आणि कॉक्सला नाव थांबवू द्यावी. आठ जणांची नाव उलटणे विरळाच, पण उलटलीच तर नाव तरंगत राहते. तिला धरून राहावे, एकट्याने काठाकडे पोहत सुटू नये, आणि सर्वांनी आपापले क्रमांक मोठ्याने सांगावेत.

कॉक्सचे आसन

लहान चणीच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात ‘तुम्ही कॉक्स व्हाल का’ असे विचारले जाते, आणि आपल्यातले अनेक जण, विशेषतः मुली, तो प्रश्न आपल्या ताकदीवरचा शेरा समजून नाही म्हणतात. असे करू नये. कॉक्स हा नावेचा प्रमुख असतो. सुकाणू त्याच्या हाती असते, सुरक्षिततेची जबाबदारी त्याची असते, आणि शर्यतीत केव्हा जोर लावायचा व केव्हा श्वास घ्यायचा, हे तोच सांगतो. प्रशिक्षक काठावरून सायकलने येत असतो, पण नावेत त्याचा शब्द कॉक्सच्या तोंडूनच पोहोचतो.

सुकाणूचा परिणाम लगेच दिसत नाही. ते फिरवल्यावर वल्ह्यांच्या एक-दोन हिसक्यांनंतर नाव वळू लागते, आणि नवखा कॉक्स तोवर घाबरून ते आणखी फिरवतो. म्हणून वळण येण्याआधी थोडेसे फिरवावे, थांबावे, पाहावे. कॉक्सने तरंगजाकीट घालणे बंधनकारक आहे. त्याच्या शरीराला हालचाल नसल्याने थंडी सर्वांत जास्त त्यालाच वाजते. इतर जण घामाघूम असताना तो गारठलेला असतो. त्याने लोकरीचे दोन थर, टोपी, जाड मोजे आणि वारा अडवणारे जाकीट घालावे. मराठी किंवा भारतीय उच्चारांची चिंता करू नये. हुकूम थोडे, ठरलेले आणि स्पष्ट असतात, आणि ध्वनिक्षेपकातून आवाज नावेच्या टोकापर्यंत जातो. वर्षभर नावेची सूत्रे सांभाळलेल्या विद्यार्थ्याला पुढे कोणत्याही बैठकीत बोलताना संकोच वाटत नाही, हा या आसनाचा एक लाभ मी नेहमी सांगतो.

नदी, निशाण आणि थंडी

कॉलेजांच्या मागून वाहणाऱ्या आणि छायाचित्रांत दिसणाऱ्या कॅम नदीच्या भागात पर्यटकांच्या बांबूने ढकलायच्या पंट नावा चालतात. रोइंग तिथे होत नाही. ते जीझस लॉक या बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला, मिडसमर कॉमन या गवताळ माळासमोरच्या बोटहाउसांपासून पुढे, बेट्स बाइट लॉकपर्यंत चालते. हा पट्टा जेमतेम चार-पाच किलोमीटरचा आहे, अरुंद आहे, वळणांचा आहे, आणि त्यात कॉलेजांच्या नावांबरोबर गावातले क्लब, राहत्या नौका, गळ टाकून बसलेले लोक आणि हंस यांचाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी रोइंग करणाऱ्यांवर धावून जाणारा एक हंस तिथे इतका प्रसिद्ध झाला की अखेर २०१२ साली त्याला दुसरीकडे हलवावे लागले. राहत्या नौकांजवळून जाताना आवाज कमी ठेवावा. पहाटे साडेसहाला ते कुणाचे तरी झोपेचे घर असते.

नदीची स्थिती कॉलेजांची सामाईक संघटना निशाणांनी जाहीर करते. हिरवे निशाण असल्यास सर्वांना परवानगी, पिवळे असल्यास नवख्यांवर निर्बंध, आणि लाल असल्यास पूर, बर्फ किंवा दाट धुके यांमुळे कुणीही पाण्यात उतरायचे नाही. खोलीतून निघण्यापूर्वी निशाण पाहण्याची सवय लावून घ्यावी.

डिसेंबरमध्ये तिथे आठ वाजेपर्यंत धड उजाडत नाही आणि पारा शून्याजवळ असतो. जाड एका कपड्याऐवजी पातळ दोन-तीन कपडे घालावेत, म्हणजे अंग तापल्यावर एक काढता येतो. हातमोजे घालून वल्हवू नये, कारण पकड सुटते. वल्ह्याच्या मुठीवरून चढवायची, हात आत घालायची कापडी पिशवी मिळते, ती वापरावी. धक्क्यावर पाण्यात उभे राहावे लागते, म्हणून रबरी गमबूट आणि कोरड्या मोज्यांचा जादा जोड ही खरेदी मात्र लवकर करावी.

तळहातांना फोड येणारच. ते मुद्दाम फोडू नयेत. फुटलेच तर धुऊन, कोरडे करून चिकटपट्टी लावावी. यामागचे कारण मुंबई-कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालताना आपण ज्या लेप्टोला भितो, तोच आजार नदीच्या पाण्यातून उघड्या जखमेवाटे होऊ शकतो. तिथे त्याच्या तीव्र रूपाला वाइल्स डिसीज म्हणतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असे काही झाल्यास डॉक्टरांना आपण रोइंग करतो हे आपणहून सांगावे.

न्याहारी, भोजने आणि इतर सोबत

क्लबचे सामाजिक जीवन मोठ्या समारंभांत शोधू नये. ते सरावानंतर कॉलेजच्या भोजनगृहात, ओल्या मोज्यांनी, एकाच टेबलाभोवती केलेल्या न्याहारीत असते. गणित शिकणारा, कायदा शिकणारी, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षातली संशोधक आणि अठरा वर्षांचा नवा विद्यार्थी एरवी कॉलेजात एकमेकांना ओळखतही नाहीत; इथे ते आठवड्यातून तीन-चार वेळा एकत्र जेवतात. ‘आज पहिला तास आहे’ म्हणून रोज ही न्याहारी टाळणारा विद्यार्थी उत्तम वल्हवत असला तरी नावेत परका राहतो, असे दिसून येते. वीस मिनिटे काढावीत.

यानंतर येतात ती ठरवून केलेली भोजने. आठवड्यातून एकदा क्रूपैकी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सर्वांनी जेवण्याची पद्धत अनेक नावांत असते. आपली पाळी आली की पावभाजी करावी; नऊ भुकेल्या माणसांना ती पुरवता येते, शाकाहारी आणि मांसाहारी दोघांनाही चालते, आणि पाव तिथे कुठेही मिळतो. ‘स्वॅप’ म्हणजे दोन कॉलेजांच्या किंवा मुलामुलींच्या दोन क्रूंनी एकत्र जेवायला जाणे. कॉलेजच्या मोठ्या दालनात झगा घालून केलेले औपचारिक भोजन आणि वर्षातून एकदा होणारे, माजी सदस्यही येणारे बोट क्लबचे भोजन हे त्याहून मोठे प्रसंग आहेत. तिथे भाषणे होतात, क्लबच्या रंगांचे कोट घातले जातात, आणि मानाची पदके किंवा वल्ही दिली जातात.

मद्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. या भोजनांत मद्य असते, आणि पेल्यात नाणे टाकले की तो एका दमात संपवायचा, असले खेळही काही ठिकाणी चालतात. तुम्ही पीत नसाल, तर पहिल्याच भोजनाच्या आधी समारंभ सचिवाला तसे सांगावे आणि जेवणाची पथ्येही त्याच वेळी कळवावीत. जैन जेवण, उपवास, गोमांस वा डुकराचे मांस वर्ज्य असणे, हे सगळे आधी कळवल्यास व्यवस्था होते, ताटावर बसल्यावर होत नाही. टेबलावर कारण देत बसू नये. ‘मी घेत नाही’ एवढे पुरे. आजकाल न पिणारे ब्रिटिश विद्यार्थीही पुष्कळ आहेत, आणि चांगले कप्तान जबरदस्ती खपवून घेत नाहीत. एखाद्या क्लबमध्ये तरीही दबाव येत असेल, तर ट्यूटरला सांगण्यात संकोच करू नये.

क्लबची कामे हाही सोबतीचाच भाग आहे. शर्यतीच्या दिवशी काठावर निशाण घेऊन उभे राहणे, दुसऱ्या क्रूच्या मागे सायकल चालवणे, निधीसाठी चौकात आळीपाळीने तासन्‌तास अर्ग ओढणे, बोटहाउस झाडणे, या कामांना आपणहून नाव द्यावे. स्वतः शर्यतीत नसताना कोण आले, हे क्लबमध्ये सर्वांच्या लक्षात राहते.

शर्यती, आणि विशेषतः बम्प्स

पहिल्या, म्हणजे मायकेलमस सत्राच्या शेवटी नवख्यांच्या शर्यती होतात. त्यांतली महत्त्वाची शर्यत जीझस कॉलेजचा क्लब भरवतो, ती फेअरबेर्न कप. यात नावा एकामागून एक सोडतात आणि वेळ मोजतात. नवख्यांसाठी अंतर कमी असते. तिथे निकालाला फारसे महत्त्व देऊ नये.

केंब्रिजचे खरे वैशिष्ट्य बम्प्स. नदी अरुंद असल्याने दोन नावा शेजारी शेजारी पळवता येत नाहीत, म्हणून १८२७ पासून तिथे पाठलागाची शर्यत होते. एका गटात साधारण १७ नावा काठाला एका ओळीत, एकमेकींपासून सुमारे दीड नावेइतक्या अंतरावर उभ्या राहतात. कॉक्सच्या हातात काठाला बांधलेली साखळी असते. चार मिनिटे आधी तोफ उडते, एक मिनिट आधी दुसरी, आणि तिसऱ्या तोफेला साखळी सोडून सर्व नावा एकदम निघतात. पुढच्या नावेला गाठून स्पर्श करायचा आणि मागच्या नावेने आपल्याला गाठू द्यायचे नाही, एवढाच नियम. स्पर्श झाला की दोन्ही नावा बाजूला होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागांची अदलाबदल करून निघतात. पुढच्या नावेचे अंतर कमी होऊ लागले की काठावरून सायकलने येणारे सोबती शिट्ट्या वाजवून ते कळवतात; नावेत पाठमोरे बसलेल्यांना तेवढाच आधार असतो.

प्रत्येक नाव असे चार दिवस पळते. चारही दिवस गाठण्यात यश आलेल्या क्रूला ‘ब्लेड्स’ मिळतात, म्हणजे क्लबच्या रंगात रंगवलेले वल्हे नावांसह भिंतीवर लावण्याचा मान मिळतो; गाठणारा क्रू काठावरच्या झाडाच्या डहाळ्या डोक्यात खोवून परततो. यंदाच्या शेवटच्या दिवशी ज्या जागेवर नाव थांबते, तिथूनच पुढच्या वर्षीचा क्रू सुरुवात करतो. म्हणून तुम्ही मिळवलेली किंवा गमावलेली जागा तुम्ही कधीही न भेटलेल्या विद्यार्थ्यांना वारशाने मिळते, आणि तुमची जागाही कुणीतरी अशीच मिळवून ठेवलेली असते. लेंट बम्प्स फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये होतात. मे बम्प्स नाव मे असले तरी जूनमध्ये, परीक्षा संपत आल्यावर होतात. खालच्या नावांना प्रवेशासाठी आधी पात्रता शर्यत द्यावी लागते.

नवख्याने यासाठी तीन गोष्टींचा सराव करावा : स्थिर उभ्या नावेतून पहिले दहा हिसके, शिट्टी ऐकूनही लय न बदलणे, आणि ‘होल्ड इट अप’ ऐकताच थांबणे. अपघात बहुतेक वेळा या तिसऱ्यात कसूर झाल्यानेच होतात.

अभ्यास

आठ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे शिक्षकाबरोबर मोजक्या विद्यार्थ्यांची शिकवणी असते, आणि त्यासाठी निबंध किंवा उदाहरणे सोडवून द्यावी लागतात. घरी फोनवर आईवडील पहिला प्रश्न याबद्दलच विचारतात, आणि तो रास्त आहे. सुपरव्हिजनच्या आणि प्रयोगशाळेच्या वेळा ठरताच त्या क्रूच्या सामाईक वेळापत्रकात भराव्यात, सराव त्यांना टाळून ठरू द्यावा. आदल्या रात्री अकराला ‘उद्या जमणार नाही’ असा निरोप पाठवू नये. यायला जमणार नसेल तर आपल्या जागी कोण येईल हे स्वतः शोधून मगच कळवावे. हा नियम लिहिलेला नसला तरी सगळीकडे पाळला जातो. पहाटेचा सराव असलेल्या दिवशी रात्री साडेदहाला झोपणे ज्यांना जमते, त्यांचा दिवस उलट लवकर सुरू होतो आणि नऊपर्यंत डोके ताजे असते. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी आठवड्यातून दोनच सराव असलेल्या खालच्या नावेत जागा मागावी. ती मागणे कमीपणाचे नाही. चौथ्या नावेतही लोक त्याच कसोशीने बम्प्स लढतात.

परीक्षांच्या ईस्टर सत्रात वल्हवायचे की नाही, हे एप्रिलच्या आरंभीच ठरवावे आणि कळवावे. मे महिन्याच्या मध्यात सोडून जाणाऱ्याची जागा भरणे जवळजवळ अशक्य असते. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आलेल्यांनी प्रबंधाची तारीख पाहून हा निर्णय घ्यावा. शक्य असेल तर त्यांनी मे बम्प्स सोडू नये, कारण त्यांना दुसरी संधी नसते.

जून महिन्यातली शेवटची कामे

मे बम्प्सनंतर नव्या पदाधिकाऱ्यांची निवड होते किंवा नुकतीच झालेली असते. पुढच्या वर्षी तिथेच असणाऱ्यांनी नवख्यांना शिकवण्यासाठी नाव द्यावे. ऑक्टोबरमध्ये टबशेजारी बसून दुसऱ्याला शिकवताना स्वतःच्या वल्हवण्यातले दोष जितके कळतात, तितके एरवी कळत नाहीत. परत निघणाऱ्यांनी बोटहाउसची किल्ली, उसने घेतलेले जाकीट आणि ध्वनिक्षेपक बोटमनकडे परत करावे, खजिनदाराकडची बाकी चुकती करावी, आणि माजी सदस्यांच्या यादीत आपला महाराष्ट्रातला कायमचा पत्ता व कॉलेजबाहेरचा ईमेल नोंदवावा, कारण विद्यापीठाचा ईमेल काही काळाने बंद होतो आणि वार्षिक भोजनाची निमंत्रणे त्याच यादीवरून जातात.